मारोतमामाच्या पोटाचं कोर्ट

मारोतमामा जेवाया बसले की ताटात येणाऱ्या जिनसाचा आधी पुकारा करतेत. खरंच करतेत. मांडी घालायची, तांब्या उजव्या हाताला ठेवायचा, अन् मान वर करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वरडायचं, "शेंगदाण्याची चटणी, हाजिर होऽऽ!" एकदा न्हाई, तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्याला मामी चटणी घेऊन येती. उशीर झाला तर मामा म्हणतेत, "आरोपी गैरहजर. पुढची तारीख."

पहिल्यांदा ऐकलं तवा मला वाटलं, म्हातारा कामातून गेला. मी तसं पारावर बोललो बी. माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, हे समद्या गोरेगावला म्हाईत हाय. दुसऱ्या दिवशी मामा माझ्या जीपमधी फुडच्या शिटावर बसले, अन् मागं दहा माणसं भरलेली असताना इचारलं, "काय रे दत्त्या, कामातून गेलेल्या माणसाला फुडची शीट देतेत का?" मी सेनगाव येईपर्यंत हॉर्न वाजवत ऱ्हायलो. 

मामाची फुडची शीट ठरलेली. दाराकडची. कारण त्यांचं पोट. तीस वर्षं ते पोट त्यांच्या ताब्यात न्हाई. गोरेगाव ते सेनगाव कुठं बाभळ हाय, कुठं नाला हाय, कुठं पुलाखाली आडोसा हाय, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ. "थांबीव!" म्हणले की थांबवायचं. एकदा मी म्हणलो, "मामा, जरा फुडं चांगली जागा हाय." त्या दिवशी मला शीट धुवावी लागली. तवापासून मी शहाणपण करत न्हाई.

नोकरीत असताना मामा तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते. नावं पुकारायचं काम. मंग पेन्शन झाली, अन् पोराच्या आग्रहानं हिंगोलीला एका डॉक्टरकडं गेले. मीच नेलं. मला आत बी बसवलं, कारण मामाला वाटत होतं आपण घाबरून अर्धं इसरू. मी सगळंच इसरलो, ते वेगळं. डॉक्टरनं तपासण्या बघितल्या अन् म्हणलं, "आतड्याला जखम न्हाई, गाठ न्हाई. आतडं नाजूक हाय. काहीतरी खाल्लेलं त्याला सोसत न्हाई. काय ते आपल्याला शोधायचंय. काही दिवस साधा भात, मुगाचं पाणी, दुधी भोपळा. पोट शांत झालं की एकेक जिन्नस परत घ्या. एका येळी एकच. तीन दिवस बघा, लिहून ठेवा."

मला काही कळलं न्हाई. मामाला बराबर कळलं. बाहेर येऊन म्हणले, "म्हंजे समदे आत टाकायचे, अन् एकेकाला काढून चौकशी करायची. हे तर आपलंच काम हाय की रे!"

झालं, कोर्ट सुरू. एका जिनसाला तीन दिवस. मामा जुन्या कॅलेंडरच्या मागं लिहायचे: पोट किती वाजता गुरगुरलं, किती येळा जावं लागलं, सगळं. निकालाखाली साक्षीदार पायजे, म्हणून मला नेमलं. "मामा, मी शाळेत गेलो ते एकदाच, शेळी हुडकाया," म्हणलो. म्हणले, "अंगठा हाय ना?" मंग मी अंगठ्याचा साक्षीदार.

पण मला नाद लागला. आमचं अन् मामाचं परस एकाच भिंतीला लागून; रोज सकाळी जीप काढायच्या आधी त्या भिंतीवरून इचारायचो, "मामा, वांग्याचं काय झालं?" वांगं सुटलं. शेंगदाणे सुटले. दूध पहिल्याच दिवशी घावलं, ते तडीपार. मला तर वाटाया लागलं आपल्या बी पोटात काहीतरी असंल. मी माझी बी केस लावली, समदं बंद केलं. दुपारपर्यंत टिकलो. सेनगावच्या स्टँडवर भज्याचा वास आला अन् समदे आरोपी एकदम सुटले.

मामा मात्र कडक. जावयानं आग्रहानं बासुंदी फुडं केली तर म्हणले, "तडीपार माणूस गावात दिसला तर जबाबदार कोण?" खोटं त्यांना खपत नव्हतं. कोर्टात भाड्याचे साक्षीदार येऊन खोटी शपथ घ्यायचे, त्यांच्याबद्दल आजून बी बोलताना मामाचं तोंड कडू होतं.

फकस्त एक जिन्नस मामा पुकारत नव्हते. मामीचं येसर.

गहू, हरभऱ्याची डाळ, धने अन् मसाले भाजून मामी येसर दळती. आमटीत चमचाभर टाकलं की वास रस्त्यावर येतो. आर्धी गल्ली तिच्याकडून नेती. पण मामाची आई जित्ती होती तवर एकच म्हणायची, "हिच्या येसरानंच माझ्या लेकराचं पोट सडलं." म्हातारी गेली, बोल तसाच ऱ्हायला. तीस वर्षं मामी मामासंगं जेवली न्हाई. ते जेवायचे, अन् ती दारात उभी राहून त्यांच्या तोंडाकडं बघायची. घास गिळताना कपाळाला आठी पडती का, ते.

एक दिवस ती माझ्यासमोरच म्हणली, "आता येसराचं बी लावा की. काहून टाळून राहिले?"

मामा म्हणले, "बघू."

"बघू न्हाई. एकदाचं कळू द्या. माझ्याच हातानं झालं असंल तर उद्यापासून मी चुलीला हात लावत न्हाई. सून आणा न्हाई तर बाई लावा."

शनिवारी येसराची आमटी झाली. मामानं पुकारा केला, पण एकदाच, अन् हळू. वाटीभर प्याले.

रयवारी उजाडायच्या वक्ताला आमच्या परसातल्या संडासाची कडी वाजली. मला वाटलं बायको. बघतो तर ती चुलीपाशी. आत कोण? भाईर जोडा मामाचा. आता मामाच्या घरी पोरानं फरशी लावलेला संडास बांधून दिलेला, अन् आमचा पत्र्याचा, पाऊस आला की आत छत्री न्यावी लागती. मामा भाईर आले ते घामानं निथळून. मी तोंड उघडलं तर म्हणले, "गप."

सोमवारी दोनदा आले. दुसऱ्या येळी ते आत असतानाच मामी भिंतीपाशी आली. "दत्ता, हे हाइत का तिकडं?"

मी म्हणलो, "न्हाई मामी, आत माझी बायको हाय."

बायको माझ्या शेजारीच उभी, हातात खराटा. तिनं माझ्याकडं असं बघितलं की आजून आठवलं तरी मी जेवताना दुसरी भाकर मागत न्हाई. मंग तीच म्हणली, "आमचे पाव्हणे हाइत आत, मामी. मामा पारावर दिसले मघाशी."

मंगळवारी निकाल. मामी दारात, पदराचं टोक मुठीत. मामानं कॅलेंडर उलटं धरलं अन् वाचलं, "येसर. तीन दिवस. पोट शांत. तकलीफ काही न्हाई. निर्दोष." अन् शाईचा डबा माझ्याकडं सरकवला. नजर मात्र कॅलेंडरवरून उचलली न्हाई. मला वाचता येत न्हाई, पण तेवढं वाचता आलं. मी अंगठा टेकवला.

मामी आत गेली. लई येळ भांड्याचा आवाज येऊन राहिला.

मंग मी मामाला एकटं गाठलं. "मामा, अहो खोटं काहून?"

मामा जोडा घालत होते. म्हणले, "आईनं केस लावली तवा मी तिथंच बसलेलो होतो, दत्त्या. तीस वर्षं मी एक शब्द बोललो न्हाई."

आता दर शनिवारी त्यांच्याकडं येसराची आमटी असती. मामा दोन चमचे घेतेत, जास्त न्हाई. मामी दारात उभी ऱ्हात न्हाई आता. त्यांच्या शेजारी आपलं ताट वाढून घेती, भाकर कुस्करती, अन् भिंतीवरून माझ्या बायकोशी बोलत बोलत जेवती. मामाच्या तोंडाकडं बघत बी न्हाई.

मामा माझ्याकडं बघतेत. मी उठतो, अन् आमच्या परसातल्या संडासाची बादली भरून ठेवतो.