धूलकोट पलटला

नाव सुचत नव्हतं. बुधवारा पेठेतल्या आपल्या घरात ओट्याला टेकून प्रतिभा अर्ध्या तासापासून मोबाइलशी झटत होती. शाळेत आठवीला गणित शिकवणाऱ्या या बाईला नेपानगरच्या भूमिकानं, तिच्या मैत्रिणीनं, एका ऑनलाइन खेळात ओढलं होतं. चार-पाच जणांनी आपापल्या घरी बसून, कानात हेडफोन घालून राक्षस, जादूगार, योद्धे व्हायचं आणि मिळून मोहिमेवर निघायचं, असा तो खेळ. भूमिकाचा चुलतभाऊ गोटू गोष्ट पुढं नेणार, बाकीच्यांनी आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचं. पण आधी पात्राला नाव द्यायचं होतं, आणि तिथंच गाडं अडलं होतं.

तिनं 'रणचंडी' टाकलं. हे नाव आधीच घेतलेलं आहे. 'वज्रमुष्टी'ही घेतलेलं. 'कालरात्री'ही. 'कालरात्री ४७' चालेल, असं मोबाइलनं सुचवलं.

"मी काय रोल नंबर लावून लढू?" ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही सांगा ना एखादं."

सुनीलनं पेपरातून डोकं काढलं नाही. "प्रतिभा ठेव."

"अहो, राक्षस आहे तो. आठ फूट उंच, हातात गदा."

"मग तर प्रतिभाच ठेव."

ती काही बोलणार तोच फोन वाजला. पडद्यावर अक्षरं आली, 'मामा डोईफोडिया'. डोईफोडिया गावी केळीचे मळे असलेले काशिनाथमामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांच्या मोनालीचं धूलकोट गावच्या ललितशी जमत आलं होतं, आणि रिश्ता आणला होता खुद्द सासूबाईंनी, सखूबाईंनी. मुलाकडचा शेवटचा होकार सोमवारी यायचा होता. तोवर मामा दिवसातून चार वेळा फोन करत. प्रतिभानं फोन सासूबाईंना नेऊन दिला. तो परत आला तेव्हा तिला नाव सापडलेलं होतं.

'डोईफोडिया'. मोबाइलनं मुकाट्यानं घेतलं.

भूमिका तर खूशच झाली. "डोई फोडणारा राक्षस! क्या बात है, ताई! मग मी माझ्या जादूगाराला 'धूलकोट' म्हणते. धुळीच्या कोटात राहणारा म्हातारा." गोटूलाही नावं पसंत पडली. बाहेरच्या कोणाला ती सुचणार नाहीत, असं तो म्हणाला.

रविवारी दुपारी खेळ रंगला. प्रतिभा मेथी निवडता निवडता खेळत होती. हेडफोन केसांखाली दडलेले, मोबाइल मेथीच्या जुडीला टेकवलेला. राजकन्येला गुहेतून सोडवायचं होतं. डोईफोडियानं दार फोडलं आणि ऐन वेळी भूमिकाच्या जादूगारानं पवित्रा बदलला. आधी सोनं, मग राजकन्या!

"काय?" प्रतिभा ओरडली. "सोन्याचा पेटारा पाहिजे म्हणतो धूलकोट?"

देवघरात वाती वळत बसलेल्या सखूबाईंचे हात थांबले.

"पोरगी राहू दे म्हणतो? असं कसं राहू दे? इतक्या दूर आलो आपण, आणि आता हा पलटून राहिला!" प्रतिभा तावातावानं मेथीची पानं खुडत होती. "नाही, नाही. डोईफोडिया एक पैसा देणार नाही. पोरीसाठी जीव देईल, पण सोनं नाही!"

मग सुनेचा आवाज एकदम पडला.

"धूलकोटनं दगा दिला. संपला बिचारा डोईफोडिया."

सखूबाई उठल्या. सून अशी वाईट बातमी आपल्याला सांगायला धजत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. तिच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून त्या गुपचूप गच्चीवर गेल्या आणि आपल्या फोनवरून भावाला म्हणाल्या, "काशिनाथ, मन घट्ट कर. धूलकोटवाले सोनं मागून राहिले. पेटारा भरून."

काशिनाथमामांनी मन घट्ट केलं नाही. त्यांनी तडक धूलकोटला फोन लावला. मुलाचे वडील यादवराव त्या वेळी आंघोळीहून आले होते आणि घरात पेढे आणायचं बोलणं चाललं होतं.

"सोनंच पाहिजे होतं तर तोंडावर सांगायचं होतं!" मामा कडाडले. "माझी पोरगी काय उकिरड्यावर पडली का?"

"कोणतं सोनं? काय बोलून राहिले तुम्ही?"

"आता काय बोलायचं? रिश्ता कॅन्सल!"

"सोनं मागितलं म्हणता? मी? सांगितलं कोणी?"

"आमच्या ताईनं!"

"बुधवाऱ्यात ना? मी निघालो. तोंडासमोर सांगू द्या मला."

"मी पण निघालो!"

साडेपाच वाजता प्रतिभानं मेथीची भाजी फोडणीला टाकली आणि दारात दोन गाड्या एकदम थांबल्या. एकीतून काशिनाथमामा, मामी आणि गावातले पंडितकाका उतरले. दुसरीतून यादवराव, त्यांची बायको आणि एक मेहुणा. सगळे एकाच वेळी आत शिरायला गेल्यामुळे दारात कोंडी झाली. सुनीलनं पेपर खाली ठेवला. हे त्या दिवसातलं पहिलं आश्चर्य.

"ताई, सांग यांना!" मामा ओरडले.

"मी काय सांगू? प्रतिभानं ऐकलं फोनवर. ती रडायचीच बाकी होती."

सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडं वळल्या. प्रतिभा हातात झारा घेऊन उभी होती. तिला आधी काहीच कळेना. मग 'पेटारा' हा शब्द कानावर पडला. मोनालीचं लग्न आपण मेथी निवडताना मोडलं, हे तिच्या ध्यानात आलं.

"मामा," ती कशीबशी म्हणाली, "डोईफोडिया म्हणजे... मीच."

"म्हणजे?"

तिनं सगळं सांगितलं. मोबाइल दाखवला. पडद्यावर आठ फुटांचा हिरवा राक्षस पालथा पडला होता आणि त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत गावाचं नाव होतं. पंडितकाकांनी चष्मा लावून पाहिलं.

"हे आपलं गाव?"

"गाव नाही हो, राक्षस आहे."

"आणि याला मारलं कोणी?"

"धूलकोटनं," प्रतिभा म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

यादवरावांनी छाती किंचित पुढं काढली. मग बायकोनं त्यांच्याकडं पाहिलं, तशी छाती परत जागेवर गेली. मामा सोफ्यावर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी फार वाईट बोललो तुम्हाला," ते यादवरावांना म्हणाले. "पोरीचं म्हटलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही."

"मी पण कमी बोललो नाही," यादवराव म्हणाले. "रस्ताभर."

सखूबाई डोळे पुसत चहाला लागल्या. होकार तर आधीच होता, सोमवारची वाट कशाला पाहायची, असं ठरलं. मामांनी मोनालीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"पोरी, घाबरू नको. झाला तो गैरसमज होता. लग्न ठरलं."

"माहीत आहे, बाबा," मोनाली म्हणाली. "आमचं तासाभरापूर्वीच ठरलं."

"आमचं म्हणजे?"

"तुम्ही कॅन्सल केलं ना, म्हणून ललितचा फोन आला मला. विचारत होता, मी नकार का दिला. पाहण्याच्या दिवशी तर तुम्हीच सगळे बोलत होतात, आम्हाला कुठं बोलू दिलं? आज पहिल्यांदा बोललो आम्ही. चांगला आहे तो. घाबरट आहे थोडा, पण चांगला आहे."

यादवरावांच्या बायकोनं पदरात तोंड लपवलं. ती हसत होती.

"पण आमची एक अट आहे," मोनाली पुढं म्हणाली. "दोघांची मिळून. हळद लागेपर्यंत दोन्ही घरच्यांनी एकमेकांना फोन करायचा नाही. काही विचारायचं असलं तर आम्हाला विचारा, आम्ही सांगू."

सोफ्यावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन्ही बापांनी एकमेकांकडं पाहिलं. हॉल, आचारी, मानपान, पत्रिकेतली नावांची रांग, सगळं ठरायचं बाकी होतं.

"अट उद्यापासून ना?" यादवरावांनी फोनकडं वाकून विचारलं.

"आत्तापासून," मोनाली म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मग काशिनाथमामांनी चपला काढून पाय सोफ्यावर घेतले, यादवरावांनीही मांडी घातली, आणि मामा आतल्या बाजूला वळून म्हणाले, "प्रतिभा, जेवायला आम्ही सहाही जण आहोत गं. उठलो की बोलता येणार नाही."