वाकड्या पान्याची जागा

निरोप समारंभ आखावा तर मीच! हे मी म्हणत नाही, आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे म्हणायचे. म्हणजे रंगनाथकाका निवृत्त होईपर्यंत म्हणायचे. त्यानंतर मला कुणी साधा वाढदिवसाचा केकसुद्धा आणायला सांगितलेलं नाही.

मी पूर्णिमा. वर्ध्याला डिप्लोमा केला आणि पुण्यात विमानांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन म्हणून लागले. ‘विमानाचं काम’ एवढंच ऐकून आईनं गल्लीभर सांगून टाकलं, पोरगी विमान चालवते! प्रत्यक्षात मी दिवसभर इंजिनाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बोल्ट पिळत असते. उडतं विमान मी बघते ते कपडे वाळत घालताना, गच्चीवरून.

हे काम मला शिकवलं रंगनाथकाकांनी. जन्म सदाशिव पेठेत, घर सदाशिव पेठेत, आणि बोलणंही अस्सल तिथलंच. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काका, हा बोल्ट किती घट्ट करायचा?"

"विमान पडणार नाही इतका."

"म्हणजे किती?"

"पुस्तकात आकडा दिलाय. वाचता येतं ना आपल्याला?"

काकांचा जीव होता तो टूल बोर्डात. टूल बोर्ड म्हणजे भिंतीवरचा भलामोठा फळा. प्रत्येक अवजार जिथे टांगायचं तिथे त्याची काळी आकृती रंगवलेली. पाना काढला की त्या जागी आपल्या नावाचं पितळी टोकन अडकवायचं, काम झालं की पाना परत. संध्याकाळी एखादी आकृती रिकामी दिसली आणि टोकनही नसलं, तर समजायचं की अवजार बहुतेक इंजिनात राहिलं! मग ते सापडेपर्यंत इंजिन जागचं हलत नाही आणि माणूसही.

सुरुवातीला एकदा माझी केसांची पिन हरवली. पाळीच्या सगळ्या बस निघून गेल्या, तरी काका माझ्याबरोबर फरशीवर रांगत होते. शेवटी पिन निघाली माझ्याच वेणीत! आता खरडपट्टी, म्हणून मी मान खाली घातली. काका गुडघे झटकत म्हणाले, "वेणीत निघाली ते बरं झालं. इंजिनात निघाली असती तर बातम्यांत निघाली असती." मग स्कूटरवर बसवून होस्टेलपर्यंत सोडलं. या शहरात माझं कुणीतरी आहे, असं मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं.

अशा माणसाला निरोपाला घड्याळ द्यायचं? छे! माझ्या डोक्यात झकास कल्पना आली. गिअरबॉक्सच्या मागे एक महाआडमुठा बोल्ट असतो. त्याच्यासाठी काकांनी फार पूर्वी एक वाकडा पाना बनवून घेतला होता, साहेबांची रीतसर मंजुरी घेऊन. तो झिजला तेव्हा त्याला लाल रंग फासून भंगाराच्या कपाटात टाकला आणि तस्साच नवा बोर्डावर आला. तो जुना पाना मखमली पेटीत घालून काकांना द्यायचा! मी कागदावर त्याची आकृती काढून घेतली. बुधवार पेठेत एका ट्रॉफीवाल्याला गाठून पेटी करवली, आत निळी मखमल आणि पान्याच्या आकाराची बरोब्बर खोबण.

माझ्या बरोबरीच्या संतोषला मी बजावलं, "भंगाराच्या कपाटातला काकांचा पाना घे, रंग पूस, पेटीत ठेव आणि वर चमचमता कागद लाव. काकांना कळता कामा नये!"

"झालंच म्हणून समज!" संतोष म्हणाला. शेवटच्या दिवशी दुपारी त्यानं पेटी गुंडाळून टेबलावर ठेवली आणि काकूंना आणायला सदाशिव पेठेत गेला.

इकडे काकांनी आपलं शेवटचं इंजिन जोडून बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इंजिन विमानतळाकडे रवाना व्हायचं होतं. समोसे आले, साहेब हार घेऊन उभे राहिले. काका म्हणाले, "हार कोमेजत नाही इतक्यात. आधी बोर्ड."

झोपलेल्या पोरांवरून आई फिरवते तसा त्यांनी बोर्डावरून हात फिरवला. मधेच थांबले.

"वाकडा पाना कुठाय?"

नव्या पान्याची आकृती रिकामी! टोकन नाही! समोशाचा घास तोंडात असलेल्यांनी चावणं थांबवलं.

"सापडेपर्यंत कुणी घरी जाणार नाही," काका म्हणाले. "मीसुद्धा."

मग जे काही झालं! कचऱ्याचे डबे उलटे झाले. टेबलांखाली माणसं शिरली. हातातला हार ठेवायला जागा मिळेना म्हणून साहेबांनी तो स्वतःच्याच गळ्यात घातला आणि तसेच रांगायला लागले. एकानं तर समोसे फोडून बघितले! निदान तो तरी ‘बघत होतो’ असंच म्हणाला. इंजिनात नळीचा कॅमेरा घातला, पण दिसेल तिथे काही नव्हतं आणि दिसत नव्हतं तिथे काय असेल कोण जाणे! मी सगळ्यांत जोरात शोधत होते. मधूनमधून पेटीकडे बघून समाधानही मानत होते, की चला, निदान आपली भेट तरी सुरक्षित आहे!

शेवटी काकांनी निरोपासाठी घातलेल्या नव्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"इंजिन उघडू या."

"काका, उद्याचं विमान..."

"थांबेल. जमिनीवर थांबलेलं परवडतं." मग बारीक आवाजात म्हणाले, "आजवर एक वॉशर इकडचा तिकडे झाला नव्हता गं. आजच व्हायचं होतं."

या माणसाची सगळी नोकरी अशा डागावर संपणार?

तेवढ्यात संतोष आला. मागे काकू, ठेवणीतल्या साडीत. "हे काय, रांगायची शर्यत ठेवलीय का?" काकूंनी विचारलं.

"बोर्डावरचा वाकडा पाना हरवलाय!" मी ओरडले.

संतोषचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. त्यानं पेटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. पुन्हा पेटीकडे.

"पूर्णिमा, गिफ्ट... आधी उघडायचं का?"

"संतोष!"

"कपाट रिकामं होतं गं! भंगार गेल्या आठवड्यात उचललं. तू एवढी पेटी केलेली. म्हटलं, दोन्ही सारखेच दिसतात, कार्यक्रमापुरता ठेवू आणि मग टांगू!"

काकांनी स्वतःच्या हातांनी कागद काढला. निळ्या मखमलीत वाकडा पाना लखलखत होता. ते एवढंच म्हणाले, "टोकन?"

"सरप्राइज होतं ना काका! टोकन लावलं असतं तर तुम्हाला कळलं नसतं का?"

इतक्या जोरात हसताना काकांना मी कधीच बघितलं नव्हतं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, मग पाना पुसला आणि बोर्डावर टांगला. पुन्हा एकदा वरून खालपर्यंत हात फिरवला. साहेबांनी गळ्यातला हार काढून त्यांना घातला आणि दोन शब्द बोलायचा आग्रह केला.

"सगळं जागेवर आहे," काका म्हणाले. "निघतो." रिकामी पेटी काखेत मारून ते काकूंबरोबर निघून गेले.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. पेटी भिंतीवर लावलेली, आणि खोबणीत चक्क सांडशी!

"काय करू?" काकू म्हणाल्या. "रोज संध्याकाळी त्या रिकाम्या खोबणीपुढे उभे राहायचे, मग जेवण जायचं नाही. सांडशी घातली तेव्हा जीव थाऱ्यावर आला. आता दूध उतरवायचं तरी मला आधी टोकन लावावं लागतं!" त्यांनी चपलाहाराच्या डबीतून काढून खरोखरच एक पितळी टोकन दाखवलं.

वर्कशॉपमध्ये आता बोर्डावर हात फिरवायला कुणी नाही. बोर्डालाच दिवे बसवलेत. अवजार नसलं की लाल लागतो, कुणी काही बोलत नाही.

चहा झाला, गप्पा झाल्या, मी उठले. काकांची नजर भिंतीवर गेली आणि तोच जुना, कोरडा आवाज आला.

"सांडशी कुठाय? खाली बसा. सापडेपर्यंत कुणी घरी जाणार नाही."

मी बसले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

सांडशी माझ्या पर्समध्ये होती. चहा उतरवून झाल्यावर मीच टाकली होती. टोकन न लावता!