निखाडे गुरुजींची हजेरी

निखाडे गुरुजी लग्नाच्या पंगतीतसुद्धा हजेरी घ्यायचे.

माझ्या पुतणीच्या लग्नात हे मी स्वतः पाहिलं. वाढून झालं होतं, लोक पहिला घास उचलणार, तेवढ्यात हा माणूस उभा राहिला, पंगतीवरून नजर फिरवली आणि मोठ्यानं म्हणाला, "कोन नाही?" नवरदेवाचे मामा मंडपामागे बिडी ओढत होते. त्यांना शोधून आणलं, तेव्हा कुठे गुरुजी बसले आणि पंगत सुरू झाली. मामा मात्र अजूनही माझ्याशी धड बोलत नाहीत.

अड्याळपासून थोडं आत, तलावाकाठच्या एका गावात आमची सरकारी शाळा आहे. सातवीपर्यंत. मी मुख्याध्यापक, निखाडे चौथीला. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशात वर्गाच्या नावांची घडी केलेली यादी. दर धुलाईत तिचा लगदा व्हायचा आणि दर सोमवारी ते नवी लिहायचे. बाकीचे शिक्षक वर्गात शिरताना "किती आले?" असं विचारतात. यांचा प्रश्न एकच, "कोन नाही?" मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "आलेले तं दिसतेच जी सर. त्याइले कायले मोजाचं?"

दिवसातून तीनदा हजेरी. प्रार्थनेनंतर, खिचडीनंतर आणि शाळा सुटताना. सहलीला निघालो तेव्हा वरठीच्या स्टेशनवर गाडीत पोरं बसवून यांनी सगळी नावं वाचली. सगळी होती. मग यादी मिटता मिटता म्हणाले, "निखाडे!" आणि स्वतःच उत्तर दिलं, "हाजर!" डब्यातली परकी माणसंही हसली. हे हसले नाहीत. त्यांच्या लेखी तेही काम होतं.

त्या वर्षी त्यांच्या वर्गात अकरा पोरं होती आणि त्यांतली वैष्णवी कधी यायची, कधी नाही. तिचा बाप तलावात मासे धरायचा. जाळं पडायचं त्या दिवसांत तिची माय बाजारात मासे विकायला जायची आणि धाकट्या भावाला सांभाळायला ही घरी. चौथीत आली तेव्हा तिला अक्षर ओळखू येत नव्हतं. निखाडे शाळा सुटल्यावर सायकल घेऊन तिच्या अंगणात जायचे. एका मांडीवर तो धाकटा, समोर पाटी. दिवाळीपर्यंत पोरगी आपलं नाव लिहू लागली. होळीपर्यंत बिनजोडाक्षरी शब्द बोट ठेवून वाचायला लागली.

त्याच वर्षी सरकारची एक नवी योजना आली. वर्गाच्या परीक्षेच्या सरासरीवरून शिक्षकाची श्रेणी ठरणार होती. वरची श्रेणी मिळाली की जादा वेतनवाढ, आणि पुढची पाच वर्षं त्याच शाळेत, बदली नाही. चांगले मास्तर खेड्यात टिकावेत हा हेतू. हेतूत खोट नव्हती, हे मी आजही म्हणतो.

निखाडे खूश होते. "पैसे कोनाले नोको असते जी? पन मले तं त्या पाच वर्साचं हाय. इथंच रिटायर होतो मी." बायको जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावातल्या एका भाड्याच्या खोलीत राहायचे. जायला दुसरी जागाच नव्हती त्यांना.

मी आकडेमोड केली. दहा पोरं उत्तम होती. वैष्णवी बसली की सरासरी घसरत होती. नियमात गैरहजर पोर धरलं जात नव्हतं. मी त्यांना म्हणालो, "निखाडे, परीक्षेच्या दिवशी वैष्णवी नाही आली तरी चालते."

ते म्हणाले, "तिनं सालभर काहून शिकलं मंग?"

मी विषय सोडला. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मीच तिच्या घरी गेलो आणि मायला सांगितलं, "उद्या पोरीले पाठवू नोको. मोठे साहेब येऊन राहिले." मला वाटलं, मी निखाड्यांचं भलं करतोय. शाळेचं नाव होईल हेही मनात होतं. ते लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले, कागद वाटायला लागले. निखाडे उठले.

"कोन नाही?"

"वैष्णवी!" दहा पोरं एका सुरात ओरडली.

त्यांनी सायकल काढली. मी दारात आडवा झालो, "निखाडे, पेपर सुरू होऊन राहिला." ते म्हणाले, "होऊ द्या जी, आलोच." वीस मिनिटांनी ती मागच्या कॅरिअरवर बसून आली. केस विंचरलेले नव्हते, अंगावर घरचाच फ्रॉक. तिनं नाव लिहिलं, पाच शब्द लिहिले आणि एक बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

वरची श्रेणी थोडक्यात हुकली. उन्हाळ्यात बदल्यांची यादी लागली, निखाडे तुमसरच्या पलीकडे गेले.

निरोपाला मी भाषण केलं. चांगलं केलं असं सगळे म्हणाले. मग सामान टेम्पोत चढवताना आम्ही दोघंच होतो. एक ट्रंक, एक स्टोव्ह, सायकल. मी म्हणालो, "निखाडे, एक सांगाचं होतं."

"मले मालूम हाय सर. तिच्या मायनं त्याच दिवशी सांगतलं."

"मंग बोलले काहून नाही?"

त्यांनी दोरीची गाठ आवळली. "मी तिसरीत होतो. साहेब आले का आमचे गुरुजी मले ढोरं पाह्याले पाठवत. मले वाचता नव्हतं येत ना! चांगला मानूस होता तो. दिवाईले मले सदरा शिवून देल्ला त्यानं. पन धानाच्या बांधीवर बसून मी वाट पाहो, कोनी तं बोलवाले येईन म्हनून." मग म्हणाले, "तुमीबी चांगलेच हा जी. मी काय बोलू?"

त्यांनी रागावून चार शब्द ऐकवले असते, तर बरं झालं असतं.

टेम्पो गेला. आम्ही फोनवर बोलायचं ठरवलं होतं. त्यांनी दोनदा केला. मी उचलला नाही. काय बोलणार होतो?

यंदा पुन्हा परीक्षा आली. वैष्णवी आता पाचवीत, नव्या मॅडमकडे. बरं वाचते. मी वर्गात डोकावलो तर तिची जागा रिकामी. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, मॅडमनीही नाही. मोटरसायकल काढून तिच्या घरी गेलो. माय अंगण झाडत होती.

"पोरगी काहून नाही आली?"

माय झाडणी हातात धरून उभी राहिली. "तेच नाही म्हन्ते जी. मांगच्या साली माह्या पायी गुरुजी गेले म्हन्ते. मी गेली तं मॅडमबी जातीन म्हन्ते."

वैष्णवी दाराआड उभी होती. मी चपला काढल्या आणि तिच्यासमोर ओसरीवर खाली बसलो. गुरुजी तुझ्यामुळे गेले नाहीत, हे मी लगेच सांगून टाकलं. तिचा विश्वास बसला नाही. मग मागच्या वर्षी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी इथे येऊन तिच्या मायला काय सांगितलं होतं, ते सगळं सांगितलं.

ती ऐकत होती. माझ्याकडे बघत नव्हती. मग तिनं विचारलं, "पेपर सुरू झाला असन ना?"

"हाव," मी म्हणालो. "तू चाल."

ती दप्तर आणायला आत गेली.