आबा हवालदारांची दोन राज्यांतली बंदूक

दिवस मावळायला आला की आबा हवालदार ओढ्यात उतरायचे, मधल्या काळ्या दगडावर उभे राहायचे आणि तिथं बंदूक जोडायला घ्यायचे. एका हातात लाकडी दस्ता, दुसऱ्या काखेत लोखंडी नळी. कड्या बसवायच्या, दारू ठासायची, घोड्याखाली बार पेटवायची टोपी ठेवायची आणि आभाळाकडे रोखून एकच बार काढायचा. बाभळीवरचे बगळे दचकून उडायचे. रोज उडायचे, रोज परत यायचे, पण बिचाऱ्यांना सवय म्हणून काही झाली नाही. मग आबा बंदूक पुन्हा सोडवायचे, दस्ता पलीकडच्या खोपीत ठेवून यायचे आणि नळी काठीसारखी टेकत घरी यायचे.

मी त्या गावी शाळामास्तर म्हणून गेलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी हा प्रकार पाहिला आणि माणूस कामातून गेलेला आहे असं ठरवून टाकलं. पुढं कळलं की आबा वेडे नव्हते, कायदेपंडित होते. दोन्हींत फार अंतर नसतं, पण असतं.

त्याचं असं होतं. आमचं गाव ओढ्याच्या अलीकडं, खालशात, म्हणजे थेट इंग्रजाच्या मुलखात. पलीकडच्या काठापासून संस्थान सुरू. आबांचं घर खालशात आणि शेत संस्थानात. जवळच्या ठासणीच्या बंदुकीला पीकराखणीचा परवाना होता, तो खालशाचा. आता खालशात आबांचं पीक म्हणाल तर परड्यातला एक शेवगा. त्याच्या शेंगांच्या राखणीसाठी सरकारनं त्यांना बंदूक दिली होती. आणि ज्या भुईमुगाला रानडुकरं खात होती तिथं ती न्यायची, तर दुसऱ्या राज्यात चोरून हत्यार नेल्याचा गुन्हा.

आबांनी यावर तोड काढली. दस्ता कायमचा संस्थानात, नळी कायमची खालशात.

"नुसतं लाकूड म्हंजे बंदूक हाय का? न्हाई. नुसती नळी म्हंजे बंदूक हाय का? ती तर चूल फुकायची फुकणी. आन् वड्याच्या मधी ना ह्यांचं राज्य, ना त्यांचं. थितं मी काय बी जोडंन. कलम दाखवा!"

'कलम दाखवा' हा आबांचा परवलीचा शब्द. पहिल्या जर्मन लढाईत ते पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आले होते. तिथं एका गोऱ्या साहेबानं त्यांची रजा कुठल्याशा कलमाखाली नामंजूर केली, तेव्हापासून त्यांना कलमाचं वेड लागलं. न्हाव्यानं मिशी जरा जास्त कापली, कलम दाखवा. वैद्यानं तंबाखू सोडा म्हटलं, कलम दाखवा. एकदा देवळात कीर्तनकारबुवांनी परस्त्रीकडे बघू नये असं सांगितलं, तेव्हाही मागून आवाज आला. त्यांचा आक्षेप तत्त्वाला नव्हता, पुराव्याला होता.

त्यांचे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. आबा घरी एकटेच. त्यांची बायको, गोदाकाकू, मी गावात येण्याआधी दोन वर्षं वारल्या होत्या. त्यामुळं त्यांना वेळ भरपूर आणि माझा वेळ त्यांचाच. मी 'मेहेरबान साहेब' लिहून दौतीत टाक बुडवतोय तोवर ते विचारत, "मेहेरबान हाय ह्याला आधार काय?"

दुसरी लढाई संपली आणि मुलखात बंदुकांचा सुळसुळाट झाला. पलीकडच्या कुठल्या कुठल्या राज्यांतून चोरटी हत्यारं यायची, कडब्याच्या गाड्यांतून इकडची तिकडं व्हायची. दोन-तीन वाड्यांवर दरोडे पडले. शेवटी संस्थानानं हत्यारांचा नवा कायदा करायचं ठरवलं आणि मसुद्यावर सरहद्दीच्या लोकांचं म्हणणं ऐकायला फौजदार पलीकडच्या चावडीत येणार अशी दवंडी पिटली. आबांनी धुवट फेटा बांधला, छातीवर बिल्ला लावला आणि मला घेऊन निघाले. नळी तेवढी घरी ठेवली.

चावडी भरली होती. पलीकडचे पाटील म्हणाले, "सायब, हत्यार काडून घ्याल, पर डुकरांस्नी कोण सांगणार? ती काय कायदा वाचत्यात व्हय?"

शिवा लोहार उठला. "डुकराचं ऱ्हाऊ द्या. गेल्या म्हैन्यात आमच्या वाडीवर बंदुकवालं आलं. माझ्या म्हाताऱ्याच्या पायात गोळी घातली. पाय गेला त्याचा. नांगर, मोट, समदं बंद. बंदुका ठिवायच्या तर सरकारनं ठिवाव्या, गावात नकोत."

तेवढ्यात आबा उभे राहिले. परवाना असलेल्या राखणदाराला चोराच्या पंगतीला बसवू नका, असं त्यांनी सुरेख मांडायला घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, तुमच्या बारानं आजवर किती डुकरं मेली?"

"मरत न्हाईत," आबा म्हणाले, "पर इचार करत्यात."

फौजदारसुद्धा हसले. आबांना तेच हवं होतं. त्यांनी छाती काढली आणि हुकमी पान टाकलं. "माझी बंदूक आख्खी कवाच हद्द वलांडत न्हाई. मला कुठलं कलम लागतंय? कलम दाखवा!"

फौजदारांनी कागद पुढं केला. "हवालदार, हे घ्या. नववं. 'बंदूक अथवा तिचा कोणताही सुटा भाग.'"

आबांनी कागद माझ्याकडे दिला. मी मोठ्यानं वाचला. आयुष्यभर मागितलेलं कलम समोर आलं आणि माणूस गांगरला.

"हे आम्ही आधी घातलं नव्हतं," फौजदार म्हणाले. "पण शिवाच्या वाडीवरचे दरोडेखोर सापडले. नळ्या कडब्याच्या पेंढ्यांत आणि दस्ते कुळवाच्या लाकडांत, असं वेगवेगळं आणायचे. कुठं शिकलात विचारलं, तर म्हणाले, उंब्रजच्या बाजारात एक हवालदार चहा पीत सगळ्यांना सांगत होता."

कुणी हसलं नाही. आबांनी शिवाकडे पाहिलं. उंब्रजच्या बाजारात ती हुशारी त्यांनी किती वेळा मिरवली होती हे मला माहीत होतं, मी शेजारीच भजी खात असायचो. मला स्वतःचीही लाज वाटली.

"कलम बराबर हाय," आबा म्हणाले. "घाला." आणि खाली बसले. बसताना फेटा सुटला, तो त्यांनी नीट केला नाही.

परतताना ओढ्यात, त्या काळ्या दगडापाशी ते थांबले. मी समजूत घालायची म्हणून म्हटलं, "आबा, डुकरांसाठी पत्र्याचा डबा वाजवता येईल."

"डुकराच्या आयला," आबा म्हणाले. मग दगडावर टेकले. "मास्तर, आमच्या हिचं डोळं गेलं हुतं. शेवटची सात वर्सं. दिस बुडाल्यालं कळायचं न्हाई तिला. दुपारीच उठून तवा ठिवायची, मंग रडायची. म्हनून ह्यो बार. बार ऐकला की दिवा लावायची. तिला त्या दिव्याचा काय उपेग? माझ्यासाठनं लावायची."

एवढे अर्ज मी लिहिले होते, प्रत्येकात डुकरं होती.

"आता बार बंद झाला तर सांज झाली ह्ये तिला कसं कळायचं?" असं म्हणून ते एकदम माझ्यावर डाफरले, "हसू नका!"

मी हसत नव्हतो.

कायदा झाला. संस्थानानं खालशाला लिहिलं, खालशाला शेवगा आठवला आणि परवाना रद्द झाला. दस्ता पलीकडच्या चावडीत जमा, नळी अलीकडच्या कचेरीत. दोन सरकारांनी एका बंदुकीची पावती द्यायला मात्र साफ नकार दिला, कारण पूर्ण बंदूक कुणाकडेच नव्हती. एरवी आबांनी यावर महिनाभर अर्ज लिहवले असते. त्यांनी नळी टेबलावर ठेवली आणि निघून आले.

त्या संध्याकाळी बार होणार नव्हता. गावाचं काहीतरी चुकलं. आमच्या शेजारची सखू दारात येऊन म्हणाली, "मास्तर, आज तवा कवा ठिवायचा?" सगळ्या बायांचं घड्याळ तेच होतं, हे तेव्हा लक्षात आलं. मी शाळेच्या ओसरीतून पाहिलं. आबा मधल्या दगडावर बसले होते. हात मोकळे. घराकडं यायचं चिन्ह दिसेना.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. मी हातोडी उचलली आणि एकच टोला घातला. सगळं बळ एकवटून. बाभळीवरचे बगळे उडाले.

आबा उठले. सावकाश वर आले आणि शाळेसमोर उभे राहिले. मी मनातून घाबरलो होतो. कलम विचारलं असतं तर माझ्यापाशी काही नव्हतं.

त्यांनी रुळाकडं पाहिलं, मग मावळतीकडं पाहिलं. तिथं अजून वीतभर सूर्य शिल्लक होता.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "उंद्या दिस पुरता बुडू द्या. उगं फसंल ती."

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सूर्य पार खाली जाईपर्यंत मी हातोडी धरून ओसरीत उभा होतो.