देवघरातला मोडी कागद

शुक्रवारी राहुकाळ संपला की बारा वाजून पाच मिनिटांनी नव्या घराच्या अ‍ॅडव्हान्सचा चेक द्यायचा आणि पोंगलच्या आधी मैलापुरात राहायला जायचं. यात चुकण्यासारखं काही नव्हतंच! शेषाद्रीरावांनी आयुष्यात एवढी पक्की योजना कधी केली नव्हती. तांबरमच्या कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होते, पण कुलूप लावल्यावर ते खरंच लागलं का, हे पाहायला रोज तीनदा परत जायचे. त्या शुक्रवारी मात्र एकदाही मागे वळले नाहीत.

घर होतं देवळाच्या तळ्यामागच्या अरुंद गल्लीत. बाहेर ओटा, आत लाल गुळगुळीत फरशी, मधल्या चौकात विहीर, आणि सगळं तळमजल्यावर! हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या फ्लॅटला एकसष्ट पायऱ्या होत्या आणि लिफ्ट नव्हती. वसंताबाईंचे गुडघे गेल्यापासून त्या वर्षातून चारदा खाली उतरत, त्यातल्या तीन खेपा डॉक्टरकडे. मैलापुरात त्यांचं बालपण गेलेलं. रोज संध्याकाळी आपल्या पायांनी देवळात जाऊन यायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

घरमालक राघोत्तमराव हेही तंजावरी मराठी. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठ्ठाविसाचा. बिल्डर रोज दारात येत होते, पण त्यांचा हट्ट एकच, घर आपल्याच माणसाला द्यायचं. मग शोळिंगनल्लूरला मुलीकडे, लिफ्टवाल्या बाराव्या मजल्यावर जाऊन समुद्र बघत बसायचं. दोन्ही बाजूंना घाई होती. असा योग कुठे येतो?

बाराला दोन मिनिटं होती. फिल्टर कॉफी झाली. शेषाद्रीरावांनी खिशातल्या चेकला हात लावला.

"थांबा," राघोत्तमराव म्हणाले. "एक काम राहिलें."

ते देवघरात गेले आणि एक काचेची चौकट घेऊन आले. आत पिवळा पडलेला, कडांना वाळवीने खाल्लेला कागद. त्यावर मोडीतल्या ओळी, जणू शाईत पाय बुडवलेल्या मुंग्यांची मिरवणूक!

"आमचे आजोबा रोज यास फूल वाहत. त्यांचे वडीलही वाहत. काय लिहिलेंय, कोणास ठाऊक नाही. घर सोडण्याआधी एकदा कळावें, इतकेंच."

"अय्यो, एवढंच ना?" वसंताबाई म्हणाल्या. "आमच्यांना मोडी येतें की! सर्टिफिकेट आहे!"

सर्टिफिकेट होतं, हे खरं. तीस वर्षांपूर्वी दहा दिवसांचा मोडी वर्ग भरला होता. चौथ्या दिवशी शेषाद्रीरावांना कांजिण्या आल्या. प्रमाणपत्रं मात्र आधीच छापून ठेवलेली होती, त्यामुळे त्यांचंही घरी आलं. वसंताबाईंनी ते चौकटीत घालून हॉलमध्ये लावलं. तेव्हापासून हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई मोडीच्या विद्वानाला नमस्कार करून जात होती. "अहो, तसं नाही," एवढं म्हणायला धीर लागतो. तो शेषाद्रीरावांनी तीस वर्षांत गोळा केला नव्हता.

"वाचा की हो!" वसंताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता की त्यावर पाणी ओतणं हे पापच.

शेषाद्रीरावांनी चष्मा पुसला. कागद जवळ धरला, लांब धरला, तिरपा धरला. वरचं 'श्री' ओळखता आलं. बाकी मुंग्या.

"हे... दानपत्र दिसतं," ते पुटपुटले.

"दानपत्र? कोणाचें?"

"तंजावरच्या... दरबाराचं."

राघोत्तमराव खुर्चीतून अर्धे उठले. "आमच्या पूर्वजांस? कशाबद्दल?"

शेषाद्रीरावांची नजर भिंतीवर गेली. तिथे पंचांगाचं कॅलेंडर होतं.

"ज्योतिषाबद्दल. त्यांनी भाकीत केलं होतं."

"कसलें?"

"लढाईचं."

"मग? कोण जिंकलें?"

"आपणच!" शेषाद्रीराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आलेल्या पाहुण्याने यजमानाच्या पूर्वजांना हरवायचं का? "म्हणून हे घर वंशपरंपरेने दिलं."

जाता जाता म्हाताऱ्याला चार बरे शब्द द्यावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. राघोत्तमरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बारा पाच झाले, बारा वीस झाले. शेषाद्रीरावांनी चेक पुढे केला तेव्हा राघोत्तमरावांनी त्यांचा हात चेकसकट दोन्ही हातांत धरला.

"आज नको. दोन दिवस द्या. आज मन भरून आलेंय."

दोन दिवसांनी फोन आला. "शेषाद्रीराव! तुम्ही माझे डोळे उघडलेंत! दरबाराने दिलेलें घर मी विकूं? कुठल्या तोंडाने?"

"पण मुलीकडे जाणार होतात ना? समुद्र—"

"समुद्र राहूं दे! माझा देह इथेच पडेल!"

शेषाद्रीरावांना 'पण' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "सरी, सरी, बरोबर आहे. फार छान."

वसंताबाईंनी ऐकलं. मग म्हणाल्या, "जाऊं द्या. तुमच्या विद्येचा मान झाला." आणि गुडघ्याला तेल लावत बसल्या. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं शेषाद्रीरावांना वाटलं. तेलाचा वास रात्रीपर्यंत घरात राहिला.

तिकडे राघोत्तमरावांची मुलगी संयुक्ता हिने कागदाचा व्हिडिओ सगळ्या तंजावरी नातेवाइकांना पाठवला. कोइमतूरच्या एका भावाला पत्रिका पाहण्याची जुनी खाज होतीच, तो आता नावाच्या आधी 'राजज्योतिषी वंशज' लिहू लागला! महिन्याभरात त्याच घरात सत्कार ठरला. सत्कार कोणाचा? मोडीचे पंडित शेषाद्रीराव यांचा!

सत्काराला संयुक्ता आपल्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला घेऊन आली. ऋजुता तिचं नाव, मूळची साताऱ्याची. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायची आणि सुट्टीत मोडी कागद वाचायची. कोणाला पतंगांचा नाद असतो, हिला हा! ती थेट देवघरात गेली आणि पाच मिनिटांनी शेषाद्रीरावांपाशी येऊन हळूच म्हणाली, "काका, रागावू नका हं. ते दानपत्र नाहीये. सुरुवातीलाच 'चिरंजीव नरहरी यांस आशीर्वाद' आहे. कोणीतरी घरातल्या धाकट्याला लिहिलेलं घरगुती पत्र आहे. पुढची शाई उडालीय, वाचायला वेळ लागेल. मी सांगू का त्यांना?"

शेषाद्रीरावांनी चौकातल्या विहिरीकडे पाहिलं. तिच्या तळाशी काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. दानपत्र नाही म्हणजे दरबार नाही. दरबार नाही म्हणजे घर विकायला हरकत नाही!

"नको पोरी," ते म्हणाले. "मीच सांगतो."

आणि सांगितलं! चाळीस माणसांसमोर उभे राहून सांगितलं. "मंडळी, मला मोडी येत नाही."

आणि टाळ्यांचा कडकडाट!

"ऐकलेंत?" राघोत्तमराव गरजले. "ही खरी विद्वत्ता! अर्धें येणारा सगळें येतें म्हणतो. सगळें येणारा काही येत नाही म्हणतो!"

"अहो, खरंच येत नाही! मी त्या दिवशी मनाने सांगितलं."

"मनानेच सांगावें लागतें! बुद्धीने वाचतात ते कारकून!"

पुन्हा टाळ्या. खांद्यावर शाल पडली, गळ्यात चंदनाचा हार आला. ऋजुता भिंतीपाशी उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती. आता मदत करू का, असं तिचे डोळे विचारत होते. शेषाद्रीरावांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. वसंताबाई मोरपंखी रेशमी साडी नेसून बसल्या होत्या. एकसष्ट पायऱ्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, त्या खाली उतरून आल्या होत्या. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होत्या.

तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर कदाचित कोणीतरी ऐकलं असतं. शेषाद्रीरावांनी ऋजुताकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. आणि खाली बसले.

पुढच्या महिन्यात राघोत्तमरावांच्या दारावर पितळी पाटी लागली. तिच्यावर लढाई, भाकीत, दरबार सगळं आलं, आणि खाली, 'वाचन : पंडित शेषाद्रीराव'. डिसेंबरच्या पावसात राघोत्तमरावांचा फोन आला. देवघरात तीन ठिकाणी गळतंय, बादल्या मांडल्यात, पण वाड्यासारखं घर आहे, कुरकुर कशाला करायची? शेषाद्रीराव म्हणाले, "खरंय." वसंताबाईंनी विचारलं, कोणाचा फोन? ते म्हणाले, "असाच."

मग त्यांनी एक गोष्ट केली, ती तीस वर्षांपूर्वीच करायला हवी होती. ऋजुताला विचारलं, शिकवशील का? दर रविवारी ती स्कूटरवरून यायची, एकसष्ट पायऱ्या दोन-दोन करून चढायची, वसंताबाईंच्या हातचा सांबार भुरकायची आणि सत्तरीच्या विद्यार्थ्याच्या वहीवर लाल खुणा करायची. "काका, 'ल' परत चुकला!" शेषाद्रीराव खाली मान घालून पुन्हा गिरवायचे. राघोत्तमरावांच्या कागदाचा फोटो तिने छापून दिला होता. तो त्यांनी पुस्तकात ठेवून दिला होता. हा शेवटी, मी एकट्याने वाचीन, असं तिला सांगितलं होतं.

आठ महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, त्यांनी तो बाहेर काढला. एक ओळ लागली. मग दुसरी. मुंग्या थांबल्या, वळल्या आणि चक्क शब्द झाल्या! आपण खरंच वाचतो आहोत या आनंदात त्यांना मजकूर कळायला जरा उशीर झाला.

'चिरंजीव नरहरी यांस आशीर्वाद. तुझे पत्र पावले. मैलापुरचे घर ओलीचे आहे, विहीर खारी आहे, पावसाळियात देवांवर पाणी पडते असे लिहिलेस. तरी त्या घराचा मोह न धरावा. कोणी भला गृहस्थ आपण होऊन मागावयास आलिया, एक दिवसही न दवडता घर त्यास द्यावे व मोकळे व्हावे. यात अंतर न करणे.'

शेषाद्रीरावांनी पुन्हा वाचलं. भिंग लावून वाचलं. खिडकीपाशी नेऊन वाचलं. एखादं अक्षर तरी चुकलं असावं, म्हणून ऋजुताच्या वहीतला 'ल' शेजारी ठेवून पाहिला.

"काय हो?" आतून वसंताबाईंनी विचारलं. "लागलें का वाचायला?"

"लागलं."

"बरोबर वाचलेंत ना?"

"अगदी बरोबर," शेषाद्रीराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःविषयी काडीचीही शंका नव्हती.