नवीन काही नाही

बायकोचं एखादं काम आपण होऊन अंगावर घेऊ नये, हे मला कळतं. ते दर वेळी काम अंगावर घेतल्यानंतर कळतं, एवढीच माझी अडचण आहे.

त्या दिवशी सकाळी दूध उतू गेलं. बायको शेगडीपाशीच उभी होती, पण तिचं सगळं लक्ष फोनवर, नगरपालिकेच्या वेबसाइटवर होतं. सार्वजनिक बागेच्या मागे नगरपालिकेचे भाजीचे वाफे आहेत. एखादा वाफा रिकामा झाला की वेबसाइटवर सूचना येते आणि जो आधी कचेरीत जाऊन नाव देईल त्याला तो मिळतो. बायकोला असा वाफा हवा होता. किती हवा होता, तर आमच्या बाल्कनीत आता कुंड्याच राहतात, आम्ही नाही. भोपळ्याचा वेल खिडकीतून न्हाणीघरात शिरलेला आहे आणि दाढी करायची तर आधी त्याला आरशावरून बाजूला व्हायची विनंती करावी लागते. गेल्या वर्षी वाफा निघाला तेव्हा ती कामावर होती. संध्याकाळी तिने सूचना वाचली आणि न जेवता झोपली. ते मला फार लागलं होतं. म्हणून सांडलेलं दूध पुसता पुसता (पुसत तीच होती, मी धीर देत होतो) मी म्हणालो,

"तू कशाला रोज बघत बसतेस? मी प्रोग्रॅम लिहितो. नवीन सूचना आली की घरात बेल वाजेल."

"तुम्ही?"

"मी."

"मागे तुम्ही गीझरला टायमर लावला होता."

"तो विषय वेगळा आहे."

मी विमा कंपनीत कारकून आहे, पण अलीकडे हौसेने प्रोग्रॅमिंग शिकतो आहे. आमच्या ऑफिसातल्या सिस्टीमवाल्याने मला सांगितलं, की अशा वेबसाइटची एक फीड असते, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी बातम्यांची रांग. आणि त्या रांगेतलं नवीन तेवढं निवडून देणारी लायब्ररी फुकट मिळते. (लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. पुस्तकांची लायब्ररी नव्हे. त्यावरचा विनोद सासूबाईंनी करून झालेला आहे.)

"पण नवीन कुठलं हे तिला कसं कळतं?" मी विचारलं.

"प्रत्येक सूचनेला एक नंबर असतो. नंबर आधी पाहिलेला असला की जुनी, नसला की नवी. आपला दारावरचा रखवालदार कसा बिल्ला बघतो, तोंड बघत नाही? अगदी तसंच."

हे मला इतकं आवडलं की मी घरी जाऊन सगळ्यांना दोनदा सांगितलं. रखवालदार हुशार आहे असं त्यांपैकी कोणीही म्हणालं नाही.

आता आवाज कुठला लावायचा, हा प्रश्न होता. घरातला प्रत्येक माणूस हातातलं काम टाकून उठेल असा आवाज मला हवा होता. मी दारावरच्या बेलचा लावला. हुबेहूब आमच्याच बेलचा, कारण मी तो आमच्याच बेलवरून रेकॉर्ड केला होता. (त्या वेळी मला हे चातुर्य वाटलं.)

प्रोग्रॅम सुरू केला. लायब्ररीने याआधी काहीच पाहिलेलं नसल्यामुळे तिच्या दृष्टीने जगात सगळंच नवीन होतं. बेल वाजली. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या उठल्या, दार उघडलं, बाहेर पाहिलं, दार लावलं.

"कोणी नाही."

"आई, ती दारावरची बेल नाही. सूचना आली."

"कसली?"

"गेल्या वर्षीच्या मोकाट कुत्र्यांची."

बेल वाजली. सासूबाई उठल्या.

"आई, बसा. पुलाचं उद्घाटन आहे."

"कधी?"

"झालं."

बेल वाजली. सासूबाई पुन्हा उठल्या. दारावर कोणी आलं आणि आपण बसून राहिलो हे त्यांच्या स्वभावात नाही, मग भले दारावर कोणी नसो. फीडमधल्या सगळ्या जुन्या सूचना संपेपर्यंत त्यांनी नगरपालिकेचा बराचसा इतिहास दारात उभं राहून पाहिला. शेवटी एकदा दार उघडलं तर बाहेर खरंच वरच्या मजल्यावरचे कॅप्टन उभे होते. कॅप्टन जहाजावरून निवृत्त झालेले, आणि बोलतात अजून समुद्रावरच असल्यासारखे.

"तुमच्याकडे आज पाहुणे फार हो!"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, बिल्ल्यासकट.

"वाफ्यासाठी? अहो, मीही वाफ्यासाठीच थांबलोय. सकाळी फिरायला जातो ना, तेव्हा कचेरीबाहेरचा फलक वाचून येतो."

मी हसलो. मागे पडलेल्या माणसाकडे बघून पुढारलेला माणूस हसतो, तसं. आज ते हसू मला परत घेता आलं तर बरं होईल.

पहिला पूर ओसरला तरी बेल काही थांबेना. नगरपालिका मंगळवारी पाणी बंद राहील असं कळवायची. मग मंगळवार नव्हे, बुधवार. मग बुधवार, पण फक्त वरचा भाग. मग वरचा नव्हे, खालचा. प्रत्येक दुरुस्तीची वेगळी सूचना, वेगळा नंबर आणि वेगळी बेल. बायको म्हणाली, "वाफा नको, पण हे बंद करा." हे ती मनापासून म्हणाली नव्हती, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. मी रजा टाकून तडक नगरपालिकेत गेलो.

सूचना लिहिणारा लेखनिक एका कोपऱ्यात बसला होता. मी म्हणालो, "तुमच्या सगळ्या सूचना मी वाचतो."

त्याने कानातला इअरफोन काढला. "सगळ्या?"

"सगळ्या."

"साहेब, आजवर असं कोणी म्हणालं नाही हो." त्याचे डोळे भरून आले. खुर्ची ओढून दिली.

"एकाच विषयाच्या इतक्या सूचना कशाला काढता? जुनीच सूचना उघडायची, आतला मजकूर बदलायचा. काम झालं."

"नवीन काढायचीच नाही?"

"अजिबात नाही."

"माझं अर्धं काम वाचेल," तो हळूच म्हणाला, आणि कृतज्ञतेने त्याने माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता लिहून घेतला. माझी छाती फुगली. स्पेलिंग मी स्वतः तपासून दिलं.

त्यानंतर घरात विलक्षण शांतता पसरली. कधीही पाहावं तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकच ओळ: नवीन काही नाही. बायकोने फोन बघणं सोडलं, दूध उतू जाणं थांबलं. "जमलं हो तुम्हाला," असं ती एकदा म्हणालीसुद्धा. लग्नानंतर हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो.

मग तो शनिवार उजाडला. बायको चष्म्याच्या दुकानात कामावर गेली होती. मला सुट्टी होती. बेल वाजली.

मी पडद्याकडे धावलो. नवीन काही नाही. सासूबाई उठल्या.

"आई, बसा. प्रोग्रॅममध्ये बिघाड झालाय."

बेल पुन्हा वाजली, लांबलचक. मी स्पीकरची वायर काढली. बेल वाजली. (इथे दुसऱ्या कोणाला दाराचा संशय आला असता.) मी वायर पुन्हा लावली आणि जरा जोर लावून पुन्हा काढली. तोवर सासूबाई दाराशी पोचल्या होत्या. काहीतरी बोलणं झालं, दार लागलं, आणि मी एकटाच बिघाड शोधत बसलो.

सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या पायात घरातल्याच सपाता होत्या आणि हातात एक किल्ली.

"कॅप्टन किती वेळ बेल वाजवत होते. दोन वाफे निघालेत, चला म्हणाले. एक त्यांनी घेतला, एक मी. ही कुंपणाच्या फाटकाची किल्ली. वाफा माझ्या नावावर आहे, पण पिकवायचा लेकीनेच."

मी वेबसाइट उघडली. वाफ्यांची गेल्या वर्षीचीच सूचना होती. नंबर तोच, आतला मजकूर मात्र सकाळी बदललेला. बिल्ला जुना, तोंड नवं. रखवालदाराने काही चूक केली नव्हती. मी कपाळाला हात लावला आणि वायर निमूट जागेवर लावून ठेवली. वाफा मिळाला म्हणून मला खरंच आनंद झाला होता, आणि तो माझ्यामुळे जवळजवळ गेलाच होता हेही कळत होतं.

बायको संध्याकाळी आली. सासूबाईंनी तिच्या हातात वाफ्याची किल्ली ठेवली. ती चपला न काढता तिथेच स्टुलावर बसली, मूठ मिटली आणि हसता हसता रडायला लागली.

"अहो, प्रोग्रॅमनं सांगितलं ना?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पंख्याकडे पाहिलं.

"जावयांची मेहनत आहेच त्यात," त्या म्हणाल्या. फार थोर बाई आहेत.

"तसं काही विशेष नाही गं," असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि बेल वाजली.

"थांबा, मी वाचते," बायको उत्साहाने म्हणाली आणि पडद्यासमोर बसली. नवीन सूचना होती. शीर्षक: आभार. (आजवर नगरपालिकेवर कोणाचे आभार मानायची वेळच आलेली नसावी. बदलायला जुनी सूचना नव्हती, म्हणून ही नवीन काढावी लागली.)

"'खालील जागरूक नागरिकाने स्वतः कचेरीत येऊन केलेल्या आग्रहावरून, यापुढे नवीन सूचना न काढता जुन्याच सूचनेतला मजकूर बदलण्यात येईल. वाफ्यांची आजची सूचना याच पद्धतीने दिली आहे.'"

खाली माझं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, पत्त्यासकट. स्पेलिंग अचूक होतं.

तिने ते पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात. मग किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

"चालतो की हो तुमचा प्रोग्रॅम," ती म्हणाली.

सध्या वाफ्याला रोज पाणी घालायचं काम माझ्याकडे आहे. त्याला टायमर लावायची परवानगी मिळालेली नाही.