फेब्रुवारी लांब नाही

ऑगस्टच्या दुपारी, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं अशा उन्हात, आमच्या शेजारचे टिपणीस बर्फावर घालायचे बूट चढवून टपाल आणायला निघतात. बूट कसले, नडगीपर्यंत कडक प्लास्टिकचे डबेच ते. वर हाफ पँट आणि बनियन. अख्ख्या गल्लीला खाडखाड ऐकू येते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माणसाचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये आहेत. माणुसकीनं धावलो आणि दंड धरला.

"सोडा हो," ते म्हणाले. "पायांना बुटांचा विसर पडता कामा नये. फेब्रुवारी लांब नाही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मार्च उजाडला की म्हणायला लागतात.

टिपणीस तेलकंपनीतले इंजिनियर, आता रिटायर. सत्तरी ओलांडलीय. बायको वारली, घरात एकटेच. वर्षातून एक आठवडा, फेब्रुवारीत, लेकीकडे कोलोरॅडोला जातात आणि पायांना दोन फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरतात. त्याला स्कीइंग म्हणतात. उरलेलं सगळं वर्ष त्याची तयारी. आणि राहतात कुठे, तर शुगर लँडमध्ये, जिथं बर्फ फक्त सरबतात दिसतो आणि जमीन परातीसारखी सपाट.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. जन्म आंबा घाटात ट्रक चालवण्यात गेला, आता इकडे परदेशात पोराकडे राहतो. पैसे देऊन डोंगरावर चढायचं आणि घसरत खाली यायचं, हे शहाण्या माणसाचं काम नव्हे, हे माझं मत मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं. अजून बदललेलं नाही.

"ब्रेक कुठं असतो त्याला?" मी विचारलं.

त्यांनी मांडीवर थाप मारली. "इथे."

"आणि फेल झाला तर?"

"म्हणून तर व्यायाम करतो, जाधवराव."

मी विषय बदलून हवापाण्याचं बोललो.

व्यायाम बघण्यासारखा. गॅरेजमध्ये पाठ भिंतीला टेकवायची, गुडघे वाकवायचे आणि खाली खुर्ची असल्यासारखं बसायचं. खुर्ची नसते. ही शिक्षा आमच्या मास्तरांनी मला इतक्यांदा दिली की मी शाळाच सोडली. इथं एवढा शिकलेला माणूस ती स्वतःच्या घरात, कुणी न सांगता भोगतो. तोंडानं परत "मांडी म्हणजे सगळं, मांडी म्हणजे सगळं" चालूच. देशी किराणा दुकानात तांदळाची पिशवी छातीशी धरून बैठका मारतात. गल्ल्यावरची पोरगी दरवेळी विचारते, "अंकल, आर यू ओके?" भाजीच्या रांगेत एका पायावर उभे. फोनवर बोलताना एका पायावर. बॅलन्स, म्हणतात.

त्या एका पायानं गणपतीत घोटाळा केला. मंडळाची आरती शाळेच्या हॉलमध्ये. टिपणीस माझ्या पुढं, डोळे मिटून, एका पायावर. आरतीमागून आरती झाली, पठ्ठ्या हलला नाही. मंत्रपुष्पांजलीला तेवढा पाय बदलला. शेजारच्या कुलकर्णीकाकूंचे डोळे भरून आले. त्यांनी हळूच विचारलं, "कशाचा हो नवस?"

तोल सांभाळत टिपणीस म्हणाले, "फेब्रुवारीचा."

झालं. मोदक वाटून होईपर्यंत हॉलभर बातमी, टिपणिसांच्या लेकीचं, मृणालचं, फेब्रुवारीत लग्न. कुणी हात हातात घेतला, कुणी डॅलसच्या एका मुलाचं नाव सुचवलं. टिपणिसांच्या तोंडात मोदक होता, आणि मी मुद्दाम बोललो नाही. आम्ही गाडीतून घरी पोचायच्या आधी कोलोरॅडोहून फोन.

"बाबा, हू इज धिस डॅलस गाय?"

"कोणी नाही गं, मी एका पायावर उभा होतो, तर..."

"व्हॉट? ओके, मीटिंग आहे. बाय, लव्ह यू."

फोन बंद. टिपणीस तो बंद फोन कानाशी धरून थोडा वेळ तसेच बसले. दोन्ही पाय खाली टेकून.

पुढं ऑक्टोबरात त्यांना उताराची हौस आली. आमच्या वस्तीमागं पुराचं पाणी अडवायला मातीचा बांध घातलाय. गावात उंच म्हणावं असं तेवढंच. हातात दोन काठ्या घेऊन ते बांधावरून नागमोडी उतरायला लागले. वर मी छत्री घेऊन उभा, कारण पडले तर कुणीतरी बघायला हवं. तिसऱ्या वळणाला पाय लाल मुंग्यांच्या वारुळात. या मुंग्या चावल्या की आगीचा चटका बसतो. टिपणिसांनी जी उडी मारली तशी बर्फावरही कुणी मारली नसेल. खाली पडले ते गुडघा पिरगळूनच.

आमच्या सूनबाईनं काळजीपोटी मृणालला फोन केला. तिनं बापाला सुनावलं, मी समोरच होतो. "नो, बाबा. या वर्षी तुम्ही लॉजमध्ये बसायचं. खाली, हीटरपाशी. हॉट चॉकलेट प्या. मी स्की करीन, संध्याकाळी भेटू."

मला वाटलं, सुटले. पण दुसऱ्या दिवशी खाडखाड नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. टपाल पेटीबाहेर डोकवायला लागलं. शेवटी मी गेलो. माणूस गॅरेजमध्ये खऱ्या खुर्चीवर बसलेला. बूट कोपऱ्यात.

"काचेतून बर्फ बघा की," मी म्हटलं. "डोंगर तोच, लेक तीच. वर हाडं शाबूत."

"जाधवराव, एक सांगू? मला स्कीइंग आवडत नाही."

मी कोपऱ्यातल्या बुटांकडे बघितलं.

"खाली उतरताना माझी पाचावर धारण बसते. देव आठवतो. पण वर जायला तारेला टांगलेला बाक असतो. लिफ्ट. मी आणि मृणाल, दोघंच त्याच्यावर. हातात जाड मोजे, त्यामुळे फोन खिशात. समोर बर्फ. एकमेकांच्या तोंडाकडे बघायला नको. तिथे ती बोलते हो. ही होती तोवर सगळं आईशी. मला काय, 'हाय बाबा, आईला दे.' ही गेल्यावर पहिल्यांदा त्या बाकावर मृणाल आपणहून बोलली. ऑफिसचं, मित्राचं, आईचं. बोलणं अर्ध्यात असतानाच वर पोचलो." त्यांनी गुडघा चोळला. "आता उतरलोच नाही, तर परत बाकावर बसणार कसा?"

लॉजमध्ये बोलत नाही का, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात एका टेबलावर चारजण जेवतो, तिघांच्या हातात फोन. मला ठाऊक आहे.

मी ट्रकवाला. रिकामी गाडी घाट उतरून आणायची ती पुन्हा भरायलाच, एवढं मला कळतं.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"सूज उतरली की हळूहळू सुरू करा."

"उतरली?"

"उतरली."

"मग उठा. भिंतीला पाठ."

त्यानंतर रोज मी जायला लागलो. घड्याळ धरायला आणि ओरडायला माणूस लागतो, आणि मला दुसरं काम नव्हतं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मृणाल आली. उंच पोरगी, बोलणं भरभर. गॅरेजमध्ये येऊन म्हणाली, "काका, ही इज क्रेझी. यू नो दॅट?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं.

"ओके बाबा, प्रूव्ह इट. मी बसते तेवढा वेळ बसायचं. माझ्या आधी उठलात, तर लॉज."

टिपणिसांनी माझ्याकडे बघितलं. फेब्रुवारी लांब नाही, असं काही म्हणाले नाहीत. दोघं शेजारी शेजारी भिंतीला टेकून खुर्ची करून बसले. समोर गॅरेजचं उघडं दार, पलीकडे रिकामा रस्ता. घड्याळ माझ्या हातात.

"बाबा, पाय थरथरतायत."

"एसीमुळे."

"गॅरेजमध्ये एसी नाहीये."

हसली. मग रस्त्याकडे बघतच, आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, मी जॉब सोडतेय. कुणालाच सांगितलं नाहीये अजून. आय ॲम सो टायर्ड, बाबा."

टिपणिसांनी मान वळवली नाही. तेही रस्त्याकडेच बघत होते. "बरं," म्हणाले. "मग?"

ती सांगायला लागली. सांगता सांगता तिची पाठ भिंतीवरून घसरली आणि ती फरशीवर टेकली, तिला ते कळलंही नाही. बोलतच होती. माझ्या तोंडात आलं होतं, 'टिपणीस, जिंकलात, उठा.' पण ते काही उठायला तयार नव्हते. मांड्या नुसत्या लटलट कापत होत्या, टकलावर घाम, आणि माणूस नसलेल्या खुर्चीत ताठ बसून ऐकत होता.

मी घड्याळ खिशात टाकलं आणि बाहेर पडलो. त्यांचं टपाल त्या दिवशी मीच काढलं. द्यायला मात्र घाई केली नाही.